चौकात चूक कोणाची? आडव्या धडकेच्या नुकसानभरपाईचा दोनशे वर्षांचा प्रवास

(१)
३ जून २०१४. दिल्लीतील सकाळ. केंद्रीय ग्रामविकासमंत्री होऊन अवघा आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. पृथ्वीराज रस्ता आणि तुघलक रस्त्यानजीकच्या चौकात त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने बाजूने धडक दिली, आणि तीही नेमकी ज्या बाजूला ते मागील आसनावर बसले होते त्या बाजूला. एम्सच्या ट्रॉमा केंद्रात तासाभरात त्यांना मृत घोषित करण्यात आले. दुसऱ्या दिवशी परळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

(२)
पुढे तपास सीबीआयकडे गेला. घातपाताची शक्यता फेटाळली गेली आणि धडक देणाऱ्या मोटारीच्या चालकावर हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचे दोषारोपपत्र दाखल झाले. त्या दिवसांत महाराष्ट्रातील प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच प्रश्न होता: चौकात चूक कोणाची? आजचा धागा याच प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. चूक ठरवायची कशी, आणि चुकीची किंमत कोणी, कोणाला, किती द्यायची?

(३)
आपल्या कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला ‘तिकटी’ म्हणतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही त्यांतलीच नावे. तिकटीवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर गाडीवान एकमेकांना हाका मारून वाट काढत. मोटारीचा वेग आला आणि हाकेची जागा नियमाला घ्यावी लागली. मात्र नियम मोडल्यावर मृताच्या घरच्यांना काय मिळावे, याचे उत्तर मोटारीच्या जन्माआधीच लिहिले गेले होते, आणि ते विलक्षण क्रूर होते.

(४)
सन १८०८. इंग्लंडमध्ये प्रवासी घोडागाडी उलटली. टपावर बसलेल्या जोडप्यापैकी पत्नी महिन्याभराने मरण पावली. पतीने दावा लावला. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरून मागण्याजोगी हानीच नव्हे. पत्नी जखमी अवस्थेत जिवंत होती तेवढ्या दिवसांचीच भरपाई पतीला मिळू शकली. याचा व्यावहारिक अर्थ असा की माणसाला जखमी करणे महाग आणि ठार मारणे स्वस्त!

(५)
आगगाड्या आल्यावर हा नियम टिकणे अशक्य झाले. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने ‘लॉर्ड कॅम्पबेलचा कायदा’ करून मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला. हिंदुस्थानात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ चा तेरावा कायदा म्हणून, ‘प्राणघातक अपघात अधिनियम’ येथेही आला. पत्नी, पती, आईवडील आणि अपत्ये यांना दुसऱ्याच्या दोषामुळे झालेल्या मृत्यूबद्दल भरपाई मागता येऊ लागली. पुढे मोटार अपघाताचे दावे कित्येक दशके याच कायद्याच्या आधारे चालले.

(६)
हक्क मिळाला, पण एक अट राहिली: दोष सिद्ध करा. आणि येथे चौकातील आडव्या धडकेची खरी अडचण सुरू होते. मागून धडक बसली तर मागच्याने अंतर राखले नाही, हे सहज दिसते. समोरासमोर धडक झाली तर कोण मध्यरेषा ओलांडून आला ते पाहता येते. चौकात मात्र दोन्ही वाहने आपापल्या रस्त्याने सरळच चाललेली असतात. ‘तो आडवा आला’ असे दोघेही म्हणतात, आणि भूमितीच्या दृष्टीने दोघेही खरे असतात!

(७)
त्यात जुन्या इंग्रजी कायद्याने आणखी एक काटा पेरला होता. १८०९ च्या ‘बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर’ खटल्यात रस्त्यात आडवा टाकलेला वासा न पाहता भरधाव घोडा पिटाळणाऱ्या स्वाराला एक पैसाही मिळाला नाही, कारण थोडी चूक त्याचीही होती. रुपयात एक आणा दोष तुमचा असला तरी सोळा आणे दावा बुडणार, असा हा हिशेब. १८४२ मध्ये रस्त्यात बांधून ठेवलेल्या एका गाढवाच्या खटल्याने (‘डेव्हिस विरुद्ध मान’) त्याला थोडी मुरड घातली: अपघात टाळण्याची शेवटची संधी ज्याला होती, त्याच्या माथी दोष.

(८)
दोषाची वाटणी टक्केवारीत करण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १९४५ साली झाला. आपल्याकडे संपूर्ण देशासाठी असा स्वतंत्र कायदा आजही नाही. तरीही भारतीय न्यायालयांनी न्याय, समता आणि सद्‌विवेक या तत्त्वांवर तोच मार्ग स्वीकारला. म्हणून आज एखाद्या दाव्यात ‘सत्तर-तीस’ असे वाटप वाचायला मिळते, तेव्हा त्यामागे संसदेपेक्षा न्यायाधीशांची परंपरा अधिक आहे, हे ध्यानात ठेवावे.

(९)
आता मोटारीकडे येऊ. १९१४ चा भारतीय मोटार वाहन कायदा नोंदणी आणि परवान्यापुरता होता. १९३९ च्या चौथ्या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी सक्तीचा विमा. ही तरतूद महायुद्धामुळे लांबली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. तोवर धडक देणारा कफल्लक निघाला, तर जिंकलेला निकाल म्हणजे नुसता कागद असे. विम्यामुळे निकालामागे प्रथमच तिजोरी उभी राहिली.

(१०)
दुसरी गोष्ट कायद्याच्या दहाव्या अनुसूचीत होती: चौकाचा नियम. चौकाजवळ येताना वेग कमी करा. तुम्ही शिरत असलेला रस्ता ‘मुख्य रस्ता’ म्हणून घोषित असेल, तर त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्या. तसे नसेल, तर तुमच्या उजव्या हाताने येणाऱ्यांना आधी जाऊ द्या. हाच नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीत जवळपास शब्दशः आला. सिग्नल नसलेल्या तिकटीवर दोषाचा निवाडा करण्याची ही मूळ किल्ली आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना परवाना घेतानाही ती कोणी समजावून सांगितलेली नसते.

(११)
येथे ‘घोषित’ हा शब्द अत्यंत महत्त्वाचा आहे. रस्ता रुंद आहे, त्यावर एसटी धावते, म्हणून तो कायद्याने मुख्य ठरत नाही. फलक नसेल तर गल्लीतून येणारा दुचाकीस्वारही, तो उजवीकडून येत असल्यास, अग्रहक्काचा धनी असतो. ‘मी मोठ्या रस्त्यावर होतो’ हा बचाव ऐकायला भक्कम वाटतो. कागदावर तो तितका भक्कम नसतो.

(१२)
कोल्हापूरचे स्थान येथे निराळे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि करवीरनगरी मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत आली. त्याआधी नऊ महिने, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली होती. म्हणजे सार्वजनिक मोटार वाहतूक आणि नवा कायदा हे दोन्ही दक्षिण महाराष्ट्राच्या पदरी जवळपास एकाच काळात पडले.

(१३)
तरीही गरिबाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे परवडत नव्हते. मागणीच्या रकमेवर न्यायालयीन शुल्क भरावे लागे आणि दावा वर्षानुवर्षे चाले. म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ जन्माला आले. वेगळे न्यायपीठ, सुटसुटीत अर्ज, संक्षिप्त चौकशी. परंतु अर्जाची मुदत होती फक्त साठ दिवस! तेराव्याचे विधी आटोपून, कागद गोळा करून, वकील शोधेपर्यंत साठ दिवस सरत. १९६९ च्या दुरुस्तीने ती मुदत सहा महिने झाली.

(१४)
आता १९७७ या वर्षाकडे या. मराठी मुलखाशी जोडलेले दोन निकाल त्या एकाच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिले. पहिला जानेवारीत, ‘मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन’. या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने धाडसी भूमिका घेतली होती: रस्त्यावर मोटार चालवल्याने इजा झाली, एवढे पुरे, भरपाईसाठी हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे मत खोडून काढले. कायद्यात तसे लिहिलेले नाही, दोष सिद्ध केलाच पाहिजे.

(१५)
दुसरा निकाल मार्चमध्ये, ‘पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग’. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी मोटार रस्त्याच्या पार उजव्या कडेच्या झाडावर आदळली आणि पुष्पाबाईंचे पती गेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशिवाय विधवेने हयगय कशी सिद्ध करावी? न्यायालय म्हणाले, येथे घटनाच बोलते. नीट चालवलेली मोटार रस्ता सोडून झाडावर जात नाही. खुलासा देण्याची जबाबदारी आता समोरच्याची. सोळा वर्षांनी मिळालेला हा न्याय होता. जानेवारीत दार बंद करणाऱ्या न्यायालयाने मार्चमध्ये निदान खिडकी उघडली, असे म्हणता येईल.

(१६)
मुंबई उच्च न्यायालयाचे हरलेले मत मात्र मेले नाही. विधी आयोगाने दोषनिरपेक्ष भरपाईची गरज मांडली होतीच. १९८२ मध्ये संसदेने ती स्वीकारली: मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, चूक कोणाचीही असो. मृताची चूक असली तरीही ही रक्कम देय. १९८८ च्या नव्या मोटार वाहन अधिनियमाने आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती वाढत ५०,००० आणि २५,००० झाली. १९७७ मध्ये जे मत न्यायालयात चुकीचे ठरले, ते पाच वर्षांत अंशतः का होईना, कायदा बनले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हरलेली मतेही टिपून ठेवावीत, ती याचसाठी.

(१७)
१९९४ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या. अर्जाची मुदतच रद्द झाली. शिवाय अपघात कोठेही होवो, वारसांना आपण राहतो त्या जागेच्या न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा मिळाली. पुण्यात किंवा बेळगावात अपघात झाला तरी राधानगरीच्या कुटुंबाला कोल्हापुरात दाद मागता येऊ लागली. एसटीचे भाडे मोजून तारखांना जाणाऱ्या माणसाला ही केवढी सवलत आहे, हे कायद्याच्या पुस्तकात कळत नाही.

(१८)
आता एक प्रसंग, माझ्या आजोळचा. करवीर तालुक्यातील एका खेड्यातून गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दूध आणणारे एक काका होते. काही वर्षांपूर्वी पहाटे, दोन्ही बाजूंना किटल्या लावलेल्या त्यांच्या दुचाकीला एका सिग्नल नसलेल्या तिकटीवर डावीकडून आलेल्या मोटारीने धडक दिली. काका गेले. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. काकू एके दिवशी कागदांची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तू जुनी कागदं वाचतोस नव्हं? ही बी वाच.”

(१९)
मी मोडीतील दप्तरे वाचायला शिकलो आहे. पोलिसांचा पंचनामा प्रथमच वाचत होतो. फिर्यादीत तीच ठराविक शब्दावली होती: भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. जुन्या पत्रांतील मायन्यासारखी ही वाक्यरचना, जी प्रत्येक कागदात असते आणि म्हणूनच फारसे काही सांगत नाही. खरी माहिती असते ती तपशिलात: रस्त्याची रुंदी, टायर घासल्याची खूण, काचांचा सडा कोठे पडला, कोणत्या वाहनाचा कोणता भाग चेपला.

(२०)
मोटारीचे नुकसान पुढच्या बाजूस आणि दुचाकीचे डाव्या बाजूस, एवढी नोंद होती. म्हणजे दुचाकी मोटारीच्या उजवीकडून येत होती आणि मोटारीने तिला वाट द्यायला हवी होती. पण काचा आणि सांडलेले दूध तिकटीच्या कोणत्या भागात होते, याची मोजणी नव्हती. त्यामुळे विमा कंपनीच्या वकिलाला म्हणता आले की काका गल्लीतून अचानक आडवे आले. साधनात जी जागा कोरी राहते, ती बलवान पक्ष आपल्या कथेने भरतो. हे मी बखरींच्या संदर्भात वर्गात ऐकले होते. त्या दिवशी समजले.

(२१)
या कोऱ्या जागेची किंमत किती? एक काल्पनिक हिशेब करू. वय ४२, स्वतःचा व्यवसाय, दरमहा उत्पन्न १५,०००, अवलंबून असलेले चौघे. २००९ च्या ‘सरला वर्मा’ आणि २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालांच्या सूत्राने वार्षिक उत्पन्न १,८०,०००. त्यात भावी वाढीचे २५ टक्के मिळवून २,२५,०००. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,६८,७५०. त्या वयाचा गुणक १४. एकूण २३,६२,५००. सहवास गमावल्याच्या आणि अंत्यसंस्कारासारख्या बाबींची रक्कम वेगळी. आता मृताच्या माथी तीस टक्के दोष ठेवा. ७,०८,७५० रुपये गेले! एका न घेतलेल्या मोजमापापायी.

(२२)
येथे एक भेद कळला पाहिजे. मृताची स्वतःचीही चूक असेल तर ती ‘अंशदायी हयगय’ आणि भरपाई तेवढ्या प्रमाणात घटते. पण चौकात दोन मोटारी धडकल्या आणि त्यांपैकी एकीत मागे बसलेला प्रवासी दगावला, तर त्याची काहीच चूक नाही. ही दोन चालकांची ‘संयुक्त हयगय’. २०१५ च्या ‘खेन्येई’ निकालानुसार अशा वेळी वारसांना दोहोंपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते. आपापसातील वाटणी त्या दोघांनी नंतर पाहावी. मुंड्यांप्रमाणे मागील आसनावर बसलेला प्रत्येक प्रवासी या दुसऱ्या गटात येतो.

(२३)
आणखी काही गैरसमज. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. फौजदारीत निःसंशय पुरावा लागतो, न्यायाधिकरणात अधिक संभाव्य काय एवढेच पाहतात. परवाना नव्हता म्हणून अपघातातील दोष आपोआप सिद्ध होत नाही. तिघे एका दुचाकीवर होते, एवढ्यावरून अंशदायी हयगय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. नियमभंग आणि अपघात यांत कार्यकारणाचा धागा दाखवावा लागतो. नुसता ठपका पुरत नाही.

(२४)
मुंडे यांच्या अपघातानंतर रस्ता सुरक्षेच्या कायद्याला वेग आला. सप्टेंबर २०१४ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा निघाला. त्याचे रूप पालटत अखेर २०१९ ची दुरुस्ती झाली आणि तिचा भरपाईविषयक भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवालच अर्ज मानण्याची तरतूदही आहे. मोटारीही बदलल्या: बाजूच्या धडकेची चाचणी नव्या बनावटींना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्या बनावटींना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाली. पुढे इंजिनाचा आधार असतो. बाजूला माणूस आणि धडक यांच्यामध्ये केवळ दाराची जाडी असते.

(२५)
पण याच दुरुस्तीने १९९४ मध्ये गेलेली सहा महिन्यांची मुदत परत आणली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. साठ दिवस, सहा महिने, मुदतच नाही, पुन्हा सहा महिने: हा आलेख पाहिला की इतिहास नेहमी पुढेच जातो हा भाबडा समज गळून पडतो. म्हणून घरात किंवा गल्लीत असा प्रसंग आलाच, तर मुदतीच्या वादावर विसंबू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा.

(२६)
१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या वास्तूत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावरील अपीलही त्यात आले. काकूंनी मात्र त्याआधीच लोकअदालतीत तडजोड केली होती. मोठा मुलगा बारावीला होता, शुल्क भरायचे होते आणि आणखी पाच वर्षे वाट पाहण्याची त्यांची ऐपत नव्हती. मिळायला हवे होते त्यापेक्षा कमी मिळाले. त्या कधी तक्रार करत नाहीत.

(२७)
१८०८ मध्ये मृत्यूला किंमतच नव्हती. आज सूत्र आहे, विमा आहे, न्यायालय दारात आहे. तरीही सगळी इमारत अखेर पहाटे तिकटीवर कोणीतरी टेप धरून घेतलेल्या चार मोजमापांवर उभी असते. अपघात दिसला तर आधी जखमीला रुग्णालयात पोहोचवा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. नंतर वाहने हलवण्यापूर्वी चार बाजूंनी छायाचित्रे काढा: चाकांच्या खुणा, काचा, फलक आहे की नाही. ते छायाचित्र कदाचित कोणाच्या तरी घराचे एकमेव साधन ठरेल, आणि साधन या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे लागू होतात.

धागा समाप्त. आपल्या गावातील तिकटीचे नाव आणि त्या नावामागची कथा खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यावरच करू.